बेटांवरचे प्राणी इतके वेगळे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटावरच्या प्राण्याबद्दल बोलताना आपण त्याच्याकडे काय आहे ते सांगतो: केवढं मोठं कासव, केवढी लांब चोच. सुरुवात उलट टोकाकडून केली तर गोष्टी लवकर उलगडतात. त्या बेटावर काय नव्हतं, याची यादी आधी करा. खालच्या बहुतेक उत्तरांत हीच यादी पुन्हा पुन्हा येईल.

बेटावर असं काय नसतं, की प्राणी एवढे बदलतात?

पहिली गोष्ट म्हणजे शिकारी. मांजर, कोल्हा, मुंगूस असे प्राणी शेकडो किलोमीटरचा खारा समुद्र पार करून, तेही नर-मादी दोघं, जवळजवळ कधीच पोचत नाहीत. दुसरी गोष्ट स्पर्धक. मुख्य भूमीवर प्रत्येक खाद्याला दावेदार ठरलेला असतो, बेटावर कितीतरी कामं मोकळी पडलेली असतात. तिसरी गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही: नातेवाइकांची ये-जा. मुख्य भूमीवर एखाद्या गटात नवा गुण आला तरी शेजारच्या गटांशी संकर होत राहतो आणि तो गुण पातळ होतो. बेटावर मिसळायला बाहेरून कुणी येत नाही, त्यामुळे जे रुजतं ते घट्ट रुजतं.

न्यूझीलंड बघा. माणूस पोचला तेव्हा तिथं वटवाघळं आणि किनाऱ्यावरचे सील सोडले तर सस्तन प्राणी नव्हते. मग झाडपाला चरण्याचं काम मोआ या पक्ष्यांनी उचललं. त्यांच्यातल्या सर्वात मोठ्या जातींच्या माद्या दोनशे किलोच्या पुढे जात. रात्री पालापाचोळा हुंगत किडे शोधण्याचं जे काम आपल्याकडे चिचुंदरी करते, ते तिथं किवीकडे आलं. इतर पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीच्या बुडाशी असतात, किवीच्या मात्र अगदी टोकाला आहेत.

प्राणी तिथं पोचतात तरी कसे?

उडून, वाऱ्यावर, पाण्यावर तरंगून किंवा ओंडक्यांवर बसून. हे तर्क नाहीत, प्रत्यक्ष नोंदी आहेत. १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन चक्रीवादळं आली. त्यानंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला मुळासकट उपटलेल्या झाडांचा आणि ओंडक्यांचा मोठा तराफा लागला आणि त्यावरून किमान १५ हिरवे इग्वाना उतरले. ही जात त्या बेटावर आधी नव्हती. २००४ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर एक महाकाय कासवीण चालत वर आली, खंगलेली, पायांवर बार्नेकल (खडकांना आणि जहाजांना चिकटून वाढणारे कवचवाले समुद्री जीव) चिकटलेले. बार्नेकलच्या वाढीवरून ती कित्येक आठवडे पाण्यात होती हे कळलं. ती हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटाच्या बाजूनं, म्हणजे सातशेहून अधिक किलोमीटरवरून वाहत आली होती.

ऑगस्ट १८८३ च्या ज्वालामुखीच्या स्फोटात इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावरची जीवसृष्टी भाजून निघाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथं गेलेल्या पथकाला प्राणी असा एकच दिसला: जाळं विणत बसलेला एक बारीक कोळी. कोळ्याची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्याबरोबर जातात, म्हणून ती नेहमी पहिल्या खेपेला हजर.

कोण पोचत नाही, हे तेवढंच महत्त्वाचं आहे. बेडकाची कातडी आणि अंडी खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, त्यामुळे दूरच्या ज्वालामुखी बेटांवर मूळचे बेडूक जवळजवळ नसतातच. मोठे सस्तन प्राणीही नसतात. बेटाची यादी ही अशी चाळणीतून उतरलेली यादी असते.

सगळ्या बेटांना हे सारखंच लागू होतं का?

नाही. समुद्रातून वर आलेली बेटं (हवाई, गालापागोस, मॉरिशस, नारकोंडम) कोऱ्या पाटीनं सुरू होतात. मुख्य भूमीपासून तुटलेली बेटं (श्रीलंका, ब्रिटन) आपली जुनी जीवसृष्टी सोबत घेऊन निघतात, त्यामुळे तिथं वेगळेपण कमी असतं. पण तुटून खूप काळ लोटला की तेही वेगळ्या वाटेला लागतं. मादागास्कर भारतापासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं.

त्याखेरीज अंतर आणि क्षेत्रफळ. जवळच्या बेटावर नवे येणारे जास्त, मोठ्या बेटावर नामशेष होणारे कमी, या दोन्हींच्या मेळातून प्रजातींची संख्या ठरते, असं रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६० च्या दशकात मांडलं. विल्सन आणि डॅनियल सिंबरलॉफ यांनी ते तपासायला फ्लोरिडातली खारफुटीची चिमुकली बेटं निवडली, प्रत्येकावर तंबू घातला, आत मिथाइल ब्रोमाइडचा धूर सोडून सगळे कीटक मारले आणि मग मोजत बसले. वर्षाच्या आतच बहुतेक बेटांवर प्रजातींची संख्या पूर्वीच्या आसपास आली. संख्या तीच, पण नावं बरीच बदललेली. सगळ्यात दूरच्या बेटाला मात्र जास्त वेळ लागला.

बेटावर मोठे प्राणी लहान आणि लहान प्राणी मोठे होतात, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी. ब्रिस्टल फॉस्टर यांनी १९६४ मध्ये हा कल दाखवला, पुढे त्याला ‘बेटाचा नियम’ असं नाव पडलं. नियम म्हणण्यापेक्षा कल म्हणणं बरं, कारण अपवाद भरपूर आहेत.

सर्वात ठळक नमुना सिसिलीचा. मुख्य भूमीवरचा सरळ सुळ्यांचा हत्ती खांद्याशी चार मीटरच्या आसपास, आणि त्याच्यापासून सिसिलीत उतरलेल्या बुटक्या जातीचा पूर्ण वाढलेला नर जेमतेम एक मीटर. त्याच बेटावर डॉरमाऊस नावाचा उंदरासारखा प्राणी त्याच्या आजच्या कुठल्याही भाऊबंदापेक्षा दुप्पट मोठा झालेला.

कारण हिशोबाचं आहे. हत्तीला मोठ्या देहाचा मुख्य फायदा म्हणजे वाघ-सिंहांपासून बचाव. शिकारीच नसतील तर एवढा देह पोसणं हा निव्वळ खर्च. दुष्काळात कमी खाणारा तगतो, लवकर वयात येणारी मादी जास्त पिल्लं देते, आणि पिढ्यानपिढ्या देह आटत जातो. उंदराचं उलट: लहान असण्याचा फायदा बिळात, फटीत लपण्यापुरता. लपायचं कुणापासून हा प्रश्नच मिटला की मोठा देह परवडतो. चरबी साठते, भुकेचे दिवस निघतात, आणि दाटीवाटीच्या बेटावर शेजाऱ्याशी भांडताना वजन कामाला येतं.

माणसाच्या कुळालाही हे चुकलं नसावं. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये सापडलेला सांगाडा सुमारे १०६ सेंटीमीटर उंचीच्या प्रौढ मादीचा आहे. तिच्या भोवतीची हाडं बघा: बुटका स्टेगोडॉन हत्ती, मोठाले उंदीर आणि माणसाएवढा उंच करकोचा. मोठे लहान झाले, लहान मोठे झाले, दोन्ही एकाच गुहेत.

मग कोमोडो ड्रॅगन हा बेटामुळेच मोठा झाला ना?

हे सर्रास लिहिलं जातं, पण पुरावा उलट आहे. ही आपल्या घोरपडीच्या कुळातली जात. ऑस्ट्रेलियात तिचे सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वीपासूनचे जीवाश्म मिळाले आणि ते आकारानं आजच्या कोमोडोएवढेच आहेत. म्हणजे ही घोरपड मुख्य भूमीवरच मोठी होती, तिथून संपली, बेटांवर उरली. महाकाय कासवांचंही असंच दिसतं. मोठी कासवं तरंगतात चांगली आणि अन्नपाण्याशिवाय महिनोनमहिने तगतात, म्हणून ती समुद्र ओलांडून पोचली. देह मोठा असणं हे तिथं प्रवासाचं भांडवल होतं.

असा दावा वाचलात तर चार गोष्टी क्रमानं तपासा. एक, डीएनएवरून सर्वात जवळचा नातेवाईक कोण ते बघा. नुसता दिसण्यावरून ठरवलेला नातेवाईक चालत नाही. दोन, मुख्य भूमीवर जुने जीवाश्म आहेत का आणि ते किती मोठे. तीन, दोन्हीकडे एकच माप घेतलंय का. वजन ऋतूनुसार बदलतं, म्हणून मांडीच्या हाडाची लांबी किंवा दातांचं माप भरवशाचं. चार, फरक खाण्यामुळे तर नाही ना. गालापागोसचे समुद्री इग्वाना एल निनोच्या वर्षी शेवाळ संपलं की लांबीत तब्बल २० टक्क्यांपर्यंत आक्रसतात आणि अन्न आलं की पुन्हा वाढतात. तेच प्राणी, त्याच आयुष्यात. याला उत्क्रांती म्हणता येत नाही.

उडता येणारा पक्षी उडणं का सोडेल?

कारण उडणं महाग असतं. चांगल्या उडणाऱ्या पक्ष्याच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा नुसते छातीचे स्नायू असतात, आणि पक्षी स्वस्थ बसला असला तरी ते पोसावे लागतात. जमिनीवर शिकारी नाही, अन्न पायाशी आहे, अशा ठिकाणी थोडे कमी स्नायू असलेला पक्षी वाचलेली ऊर्जा अंड्यांवर खर्च करतो. हळूहळू छातीच्या हाडाची उभी कड, जिला हे स्नायू चिकटतात, ती सपाट होते. गालापागोसच्या फर्नांडिना आणि इसाबेला बेटांवरचा पाणकावळा असाच. त्याचे पंख इतके आखूड आहेत, की वाळवायला पसरतो तेव्हा फाटक्या छत्रीसारखे दिसतात.

पाणकोंबडीच्या कुळात तर हे इतक्या वेळा घडलंय की मोजदाद कठीण. अल्डाब्रा प्रवाळबेट सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्राखाली गेलं, तिथली न उडणारी पाणकोंबडी बुडाली. पाणी उतरल्यावर मादागास्करकडून त्याच जातीचे उडते पक्षी पुन्हा आले आणि त्यांनी पुन्हा उडणं सोडलं. एकाच बेटावर, एकाच पूर्वजापासून, दोनदा. आजही ती तिथं फिरते.

बदल व्हायला किती काळ लागतो? लाखो वर्षं?

नवी प्रजाती पूर्णपणे वेगळी व्हायला बहुधा हजारो ते लाखो वर्षं. पण मोजता येण्याजोगा बदल एका दुष्काळातही होतो, आणि हे गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर पुराव्यानिशी नोंदलं गेलंय.

बेट अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घातली आणि प्रत्येकाच्या चोचीची लांबी, खोली, रुंदी मोजली. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया काही महिन्यांत संपल्या. उरलं ते मुख्यतः सराट्याच्या कुळातलं फळ. सराटा म्हणजे आपल्या माळरानावर चपलेच्या तळव्यातून घुसतो तोच. गालापागोसचा त्याचा सख्खा भाऊ. वाळलं की त्याच्या काटेरी फाका सुट्या होतात आणि बिया त्या टणक फाकेच्या आत असतात. मध्यम भूफिंच फाकेचा कोपरा चोचीत पकडून पीळ देतो, कवच तडकवतो आणि आतली बी ओढून काढतो. जाड चोचीला हे जमतं. अर्ध्या मिलिमीटरनं बारीक असलेल्या चोचीला जमत नाही, आणि तो पक्षी उपाशी मरतो.

सुमारे १,२०० पक्ष्यांमधले १८० उरले. ते सरासरीनं जाड चोचीचे होते, आणि चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांकडे जाते हे मापांवरून आधीच माहीत होतं, त्यामुळे पुढच्या पिढीची सरासरी चोच सुमारे ४ टक्के जाड निघाली. १९८३ च्या एल निनोत धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि वारं उलटं फिरलं: आता लहान चोचीचे वरचढ. पुढे बेटावर मोठा भूफिंच स्थायिक झाला. २००३ पासूनच्या दुष्काळात तो सराटा आधीच फस्त करू लागला, तेव्हा मध्यम भूफिंचमधले जाड चोचीचेच जास्त मेले आणि सरासरी चोच बारीक झाली. दुष्काळ तोच, पण शेजारी बदलला म्हणून निकाल उलटा लागला. हा एवढा एक तपशील बेटांच्या अभ्यासात फार मोलाचा आहे.

दुसरं उदाहरण क्रोएशियाचं. १९७१ मध्ये पॉड कोपिश्टे या बेटावरून पाच जोड्या सरडे शेजारच्या पॉड मरचारू बेटावर नेऊन सोडले. मधल्या काळात युद्ध झालं, कुणी फिरकलं नाही. सुमारे ३६ वर्षांनंतरच्या अहवालात दिसलं ते असं: डोकी मोठी, चावा जोरदार, उन्हाळ्यातल्या आहारात निम्म्याहून जास्त भाग वनस्पतींचा, आणि आतड्यात अन्न अडवून कुजवणाऱ्या झडपा. अशा झडपा सरड्या-सापांच्या एकूण प्रजातींत एक टक्क्याहूनही कमी ठिकाणी असतात. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांतही त्या सापडल्या, त्यामुळे ‘पाला खाऊन खाऊन झाल्या’ एवढं कारण पुरत नाही.

यात नशिबाचा भाग किती?

लहान बेटावर पुष्कळ. दहा प्राणी तराफ्यावरून उतरले तर पुढची सगळी वंशावळ त्या दहांच्या जनुकांतूनच येणार, ती चांगली असोत वा वाईट. शिवाय शंभर-दोनशेच्या वस्तीत एखादा गुण उपयोगी नसतानाही निव्वळ योगायोगानं सगळ्यांत पसरू शकतो.

म्हणून लहान बेट म्हणजे नाश ठरलेलाच, असं मात्र नाही. आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावर अडकलेले केसाळ मॅमथ जास्तीत जास्त आठ जणांपासून वाढले, असं जनुकं सांगतात. ते २०० ते ३०० च्या घरात जाऊन सुमारे सहा हजार वर्षं टिकले आणि चार हजार वर्षांपूर्वी संपले. इजिप्तमधले पिरॅमिड तेव्हा बांधून झाले होते. न्यूझीलंडच्या काकापो पोपटातही स्ट्युअर्ट बेटावरच्या गटात घातक जनुकं अपेक्षेपेक्षा कमी निघाली. हजारो वर्षं लहान वस्तीत राहिल्यानं ती हळूहळू गाळली गेली.

बेटावरचे प्राणी माणसाला घाबरत का नाहीत? मॉरिशसचा नामशेष झालेला डोडो पक्षी खरंच मूर्ख होता का?

नव्हता. घाबरून पळणं हाही खर्च असतो: चरणं अर्धवट सुटतं, अंडी उघडी पडतात. जिथं पळण्याचं कारण नाही तिथं पळपुटे मागे पडतात. मुख्य भूमीपासून बेट जितकं दूर, तितकं सरड्यांच्या जवळ जास्त जाता येतं, असं जगभरच्या मोजमापांतून दिसलंय.

भीती नसते असंही नाही; ती वेगळ्या शत्रूसाठी बेतलेली असते. काकापो हा जगातला सर्वात जड पोपट, नर चार किलोपर्यंत. त्याचे जुने शत्रू म्हणजे दिवसा वरून नजरेनं शिकार हेरणारे शिकारी पक्षी. त्यांच्यापुढे त्याचा उपाय अचूक होता: शेवाळी हिरवा रंग, रात्री फिरणं, आणि संशय आला की जागच्या जागी थिजणं. मग माणसानं मांजर, उंदीर आणि स्टोट (मुंगसासारखा लहान, चपळ शिकारी) आणले, जे वासावर शिकार करतात. काकापोला तर गोडसर, उग्र वास. थिजलेला, सुगंधी, चार किलोचा पक्षी. १९९५ मध्ये ५१ उरले होते. शिकारी नसलेल्या बेटांवर हलवून, प्रत्येकाच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधून, अंडी सांभाळून आता संख्या अडीचशेच्या आसपास आणली आहे.

डोडोबद्दलची एक जुनी गोष्टही सोडून द्यावी. मॉरिशसच्या तांबालाकोक झाडाच्या बिया डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाहीत असं १९७७ मध्ये मांडलं गेलं. पण डोडो गेल्यानंतर रुजलेली झाडंही तिथं उभी आहेत.

आपल्याकडची साळुंकी किंवा मुंगूस तिकडे एवढे घातक का ठरतात?

कारण तिथल्या यादीत ते नव्हते. साळुंकी आपल्या अंगणात शंभर शत्रूंमध्ये जगते. मॉरिशसमध्ये ती घरट्याच्या ढोल्या बळकावते. आपल्या भातखाचरात पावसाळ्यात पिवळाधमक होऊन ओरडणारा बैल-बेडूक आता अंदमानात पसरलाय. त्याचे डेडरे, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, मांसाहारी असतात आणि एकाच डबक्यातल्या स्थानिक बेडकांचे डेडरे खाऊन टाकतात. माशांच्या बियाण्याबरोबर चुकून जाणं हा त्याचा एक मार्ग.

मुंगसाची चूक तर पुन्हा पुन्हा झाली. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये विषारी हाबू सापांच्या बंदोबस्तासाठी सुमारे ३० मुंगसं सोडली. मुंगूस दिवसा फिरतो, हाबू रात्री. दोघांची गाठ पडेना, आणि मुंगसानं तिथल्या काळ्या सशावर ताव मारला. सापळे, प्रशिक्षित कुत्रे आणि कॅमेरे यांच्या जोरावर सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मुंगूस संपले’ अशी घोषणा झाली. चूक एका वर्षात, निस्तरायला चार दशकं.

ग्वाममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीबरोबर तपकिरी वृक्षसाप आला. साप ओळखीचाच नसलेल्या १२ स्थानिक रानपक्ष्यांपैकी १० तिथून नाहीसे झाले. पक्षी गेल्यावर पावसाळ्यात जंगलातल्या कोळ्यांची संख्या शेजारच्या बेटांच्या ४० पटींपर्यंत मोजली गेली. या सापाला पॅरासिटामॉल सोसत नाही: ८० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या ५०० च्या गोळीचा सहावा हिस्सा, पुरतो. म्हणून मेलेल्या उंदराच्या पिल्लात तेवढी मात्रा घालून, कागदी फीत बांधून हेलिकॉप्टरनं टाकतात. फीत फांदीत अडकते आणि आमिष जमिनीवरच्या खेकड्यांपासून दूर राहतं.

बेटावरचे उंदीर कसे काढतात? अपयश का येतं?

१. आधी बघायचं, की शेजारच्या बेटावरून उंदीर पोहत परत येतील का. अंतर एक-दोन किलोमीटरच्या आत असेल तर दोन्ही बेटं एकदम घ्यावी लागतात.

२. वेळ निवडायची: अन्न सर्वात कमी आणि पिल्लं नसतील तेव्हाची. थंड प्रदेशात हिवाळा, उष्ण प्रदेशात कोरड्या ऋतूचा शेवट.

३. ब्रोडिफॅकम हे रक्त गोठू न देणारं औषध धान्याच्या गोळ्यांत, दहा लाख भागांत २० ते २५ भाग एवढंच. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे आमिष आणि आजार यांचा संबंध इतर उंदरांच्या लक्षात येत नाही.

४. हेलिकॉप्टरखाली बादली बांधून जीपीएसच्या रेषांवर पेरणी करायची, शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढवायच्या. एका उंदराच्या वावरातही गोळ्या नसलेला तुकडा राहता कामा नये.

५. काही दिवसांनी दुसरी फेरी. पहिल्या वेळी बिळात असलेली पिल्लं तोवर बाहेर येतात.

६. आमिष खाऊ शकणारे स्थानिक पक्षी आधीच पकडून पिंजऱ्यात ठेवायचे.

७. दोन वर्षं सापळे आणि कॅमेरे लावून थांबायचं. त्याआधी यश जाहीर करायचं नाही.

अपयशाची कारणं ठरावीक. उष्ण बेटांवर खेकडे गोळ्या खातात, त्यांना औषध बाधत नाही आणि उंदरांना पुरत नाही. माडांच्या शेंड्यात राहणारे उंदीर खाली उतरतच नाहीत. हेंडरसन बेटावर २०११ च्या मोहिमेतून अगदी मोजके उंदीर वाचले आणि काही वर्षांत बेट पुन्हा भरलं. दुसरीकडे दक्षिण जॉर्जिया हे अवाढव्य बेट २०११ ते २०१५ दरम्यान तीन टप्प्यांत पेरलं आणि २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं. तिथल्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नव्हत्या, म्हणूनच टप्पे पाडता आले.

भारतात हे कुठे बघायला मिळतं?

अंदमान-निकोबार. नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ज्वालामुखी बेट, आणि तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठंही नाही. सुमारे हजार पक्षी एवढ्याशा जागेत. धनेशांची इतकी दाटी अन्यत्र नोंदलेली नाही. उंबर-वडाच्या कुळातली झाडं भरपूर, फळांचे दावेदार थोडे, हे त्याचं गणित.

निकोबारचा मेगापोड पक्षी अंडी उबवत नाही. वाळू आणि पालापाचोळ्याचा ढीग रचतो, अंडी त्यात पुरतो, कुजण्याची ऊब काम करते. पिल्लू बाहेर येतं ते आईबापांशिवाय जगायच्या तयारीनं. हे ढीग किनाऱ्यालगत असल्यानं २००४ च्या त्सुनामीत ही जात फार मोठ्या प्रमाणात घटली. त्यामुळे निकोबारच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बांधकामाचा विचार या ढिगांपासून सुरू व्हायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि निकोबारी कबूतर: हिरव्या-तांबूस झळाळीचं, मानेवर लांब पिसांची झूल. डीएनएच्या तपासणीत डोडोचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक हाच निघाला. निकोबार बेटांवर पर्यटकांना सहज प्रवेश मिळत नाही. हा पक्षी बघायचा तर चांगल्या प्राणिसंग्रहालयात.

सह्याद्रीत बेटं आहेत का?

आहेत, फक्त भोवती समुद्र नाही. दक्षिणेत उंच डोंगरमाथ्यांवरची शोला जंगलं एकमेकांपासून उष्ण दऱ्यांनी तुटली आहेत आणि तिथले न भटकणारे लहान पक्षी डोंगरागणिक वेगळे झाले आहेत. महाराष्ट्रात जांभ्याचे सडे बघा. आंबोलीचा पट्टेरी भेक, ज्याचं वर्णन २००९ मध्ये झालं, तो आंबोलीच्या परिसरातच सापडतो. त्याचा जवळचा भाऊ उत्तरेला कोयनेच्या बाजूला. आंबोलीचा भेक पहिल्या पावसात सड्यावर साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. चिरेखाण निघाली किंवा रात्रीच्या गाड्या वाढल्या की त्याला जायला दुसरं बेट नाही. तिथल्याच हिरण्यकेशी मंदिराच्या झऱ्यातल्या छोट्या माशाचं वर्णन २०२० मध्ये झालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. एक कुंड, हेही एक बेटच.

मॉरिशसमध्ये राहतो. आता काय उरलंय आणि कुठे बघावं?

उरलंय, आणि परतही आलंय. १९७४ मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे चारच पक्षी माहीत होते. घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवली; मादी पुन्हा अंडी घालते, म्हणून एका हंगामात दोन खेपा मिळाल्या. त्यातून ते काहीशेपर्यंत गेले. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास होतं, आज शेकड्यांत आहे. माहेबूरजवळचं इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरचं बेट मार्गदर्शकासोबत बघता येतं: आबनूसाचं मूळ रान, गुलाबी कबूतर, आणि नामशेष कासवांच्या जागी बियांचा प्रसार करायला आणलेली अल्डाब्राची कासवं.

बेटावर फिरायला जाताना काय काळजी घ्यावी?

निघण्याच्या आदल्या दिवशी बुटांचे तळवे ब्रशनं घासा. खाचांतली माती काडीनं काढा. मोज्यांत, वेल्क्रोत आणि बॅगेच्या कोपऱ्यात कुसळं अडकलेली असतात, ती चिमट्यानं वेचा. तंबूची पिशवी उलटी करून झटका. फळं, रोपं, माती, शंख नेऊ-आणू नका. एका बेटावरून दुसऱ्यावर जातानाही हेच सगळं पुन्हा. हे मधलंच लोक विसरतात. गालापागोसमध्ये प्राण्यापासून दोन मीटर अंतर हा नियम आहे. प्राणी स्वतः जवळ आला तर तुम्ही मागे सरका.

वर्गात हे कसं शिकवावं?

चोचींचा खेळ चांगला चालतो. तीस मुलांना तीन हत्यारं वाटा: भुवयांचा चिमटा, कपडे वाळत घालायचा चिमटा, पक्कड. प्रत्येकी दहा. चादरीवर ३०० मूग, १०० हरभरे आणि ६० अख्ख्या भुईमुगाच्या शेंगा पसरा. वेळ ३० सेकंद. मूग १ गुण, हरभरा २, शेंग ५, पण शेंग फोडून दाणा वाटीत पडला तरच. फेरी संपली की सर्वात कमी गुणांची दहा मुलं बाद. ती पुढच्या फेरीत उरलेल्यांची ‘पिल्लं’ म्हणून, उरलेल्या हत्यारांच्या प्रमाणात, नवं हत्यार घेऊन परत येतात. तिसऱ्या फेरीला मूग काढून घ्या: हा दुष्काळ. पाचव्या फेरीला मूग दुप्पट: हा एल निनो. प्रत्येक फेरीनंतर फळ्यावर हत्यारांची संख्या लिहा.

दोन ठिकाणी हे फसतं. दाणे फार ओतले तर सगळ्यांनाच पुरतात, कोण बाद होणार ते हत्यारावर ठरत नाही आणि आलेख सपाट राहतो. तेव्हा दाणे निम्मे करा. दुसरं, मुलं तीन फेऱ्यांत हत्यार वापरायला शिकतात आणि गुण त्यामुळे वाढतात. तो सराव आहे, वारसा नाही, आणि तो बदल तुमच्या आकड्यांत मिसळतो. म्हणून खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांना तिन्ही हत्यारांवर दोन-दोन मिनिटं हात बसवू द्या. शेंगांची टरफलं चादरीवरच राहू द्यात. रिकामं टरफल उचलण्यात वेळ जातो, आणि बेटावरही तो तसाच जातो.